सोसणे आणि सावरणे

दरवर्षी शालान्त परीक्षेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत काही छायाचित्रे हमखास प्रसिद्ध होतात. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील चाळीत राहणारी, धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी. बोरिवलीत पदपथावर भाजी विकणाऱ्याचा मुलगा. मुलुंडमध्ये वडिलांच्या पश्चात पहाटे दूध आणि वृत्तपत्रे टाकून मग शाळा गाठणारा विद्यार्थी. नव्वदीच्या घरातील टक्के, शेजारी पेढा भरविणारी आई आणि वर ‘परिस्थितीवर मात’ हा ठरलेला मथळा. या मुलांचे कौतुक करावे तितके थोडेच आहे, त्याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्या मथळ्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाविषयी. हलाखी माणसाला घडविते आणि ज्याच्या अंगी जिद्द आहे तो वर येतोच, असा तो निष्कर्ष. त्याचे उरलेले अर्धे वाक्य कोणी उच्चारीत नाही. जो वर आला नाही त्याच्या अंगी जिद्द नव्हती, हे ते अर्धे वाक्य. त्याच चाळीतील, त्याच इयत्तेतील आणि नववीतच शाळा सोडून गॅरेजात लागलेल्या मुलावर दिलेला हा निकाल कोणत्याही परीक्षा मंडळाने जाहीर केलेला नसतो. पण तो लागलेला असतो आणि त्याविरुद्ध फेरतपासणीचा अर्जही करता येत नाही.

हा निकाल कितपत न्याय्य आहे, हे पाहावयाचे तर बालपणीची संकटे मुलाच्या मनावर नेमके काय करतात आणि त्यांतून काही मुले कशी उभी राहतात, याचा शांतपणे विचार केला पाहिजे. मानसशास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत या प्रश्नाची पुष्कळ छाननी केली आहे. तिचा रोख आपल्या रूढ समजुतीच्या बऱ्याच विरुद्ध दिशेला आहे.

दोन शब्दांतील अंतर

मराठीत ‘सोसणे’ आणि ‘सावरणे’ असे दोन शब्द आहेत. व्यवहारात त्यांची सरमिसळ होते. परंतु दोहोंत मोठे अंतर आहे. सोसणे म्हणजे आलेला भार निमूटपणे अंगावर घेणे. सावरणे म्हणजे तोल गेल्यानंतर तो पुन्हा मिळविणे. राग, भीती, दुःख, लाज या भावना कोणालाही चुकत नाहीत. त्या ओळखता येणे, त्यांना नाव देता येणे, त्या उसळल्या तरी हातून भलते काही होऊ न देणे आणि काही वेळाने पूर्ववत होणे, या साऱ्या शक्तीला मानसशास्त्रज्ञ भावनांचे नियमन म्हणतात. साध्या मराठीत ते मन सावरणे होय. मन मारणे ही गोष्ट अगदी निराळी.

आपल्या समाजात मात्र मन मारणाऱ्या मुलाची वाहवा होते. बाप गेला त्या दिवशी जी मुलगी रडली नाही, जिने धाकट्या भावंडांना जेवू घातले आणि तेराव्यानंतर मुकाट्याने शाळेत जाऊन बसली, तिच्याविषयी नातेवाईक म्हणतात, ‘पोर फार समजूतदार आहे हो.’ ती समजूतदार असेलही. परंतु तिने गिळलेला आवंढा कोठे जातो, याची चौकशी कोणी करीत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, मनातील भावना चेहऱ्यावर दिसू न देण्याचा खटाटोप केल्याने ती दुःखद भावना कमी होत नाही. उलट शरीरावरील ताण वाढतो आणि त्या वेळात जे सांगितले, दाखविले गेले, ते नीटसे लक्षातही राहत नाही. वर्गात गप्प बसलेल्या मुलीला भूगोलाचा धडा का आठवत नाही, या प्रश्नाचे एक उत्तर येथे आहे. तिची सारी शक्ती चेहरा सांभाळण्यात खर्च झालेली असते.

ही शक्ती येते कोठून?

मन सावरण्याची शक्ती कोणीही जन्मतः घेऊन येत नाही. तान्हे मूल स्वतःला शांत करू शकत नाही. ते रडते, आई त्याला उचलून घेते, थोपटते, काहीतरी गुणगुणते आणि त्याचा श्वास हळूहळू तिच्या श्वासाच्या लयीवर येतो. हे हजारो वेळा घडते. आधी दुसऱ्याने शांत करावयाचे, मग दुसऱ्याच्या जवळ राहून स्वतः शांत व्हावयाचे आणि पुढे केव्हातरी एकट्याने, असा हा अभ्यासक्रम आहे. धोक्याची सूचना देणारा मेंदूचा भाग जन्मापासूनच कामाला लागलेला असतो. त्याला आवर घालणारा, कपाळामागील पुढला भाग मात्र पक्व होण्यास पंचविशी उजाडते. मधली सारी वर्षे मुलाला जवळच्या वडीलधाऱ्या माणसाचा संयम उसना घ्यावा लागतो.

ज्या घरात तो संयमच संपुष्टात आलेला आहे, तेथे मुलाने तो उसना घ्यावा कोणाकडून? मुंबईच्या उपनगरांतील असंख्य घरांचे वास्तव ध्यानी घ्यावे. दहा बाय दहाच्या खोलीत भांडण झाले तर जाण्यासाठी दुसरी खोली नसते. पाण्याची वेळ ठरावीक, ती चुकली की दिवसाचे गणित चुकते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील ठेकेदाराकडे नोकरी करणाऱ्या बापाला महिनाअखेरीस नोकरी राहील की नाही याची शाश्वती नाही. आई सकाळी चार घरची कामे उरकून येते तेव्हा तिच्यात बोलण्याचेही त्राण नसते. त्यात दारूची भर पडली तर विचारावयासच नको. अशा घरातील मूल रात्री झोपते तेही एक कान उघडा ठेवून. बापाच्या पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार, हे त्याला जिना चढून होण्यापूर्वी कळते.

हे कळणे ही त्या मुलाची हुशारीच असते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. सेथ पोलॅक या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिले आहे की, ज्या मुलांनी घरी मार खाल्लेला असतो ती समोरच्या चेहऱ्यावरील रागाची पुसटशी छटादेखील इतर मुलांपेक्षा लवकर ओळखतात. घरात जी सावधगिरी त्यांना वाचविते, तीच शाळेत त्यांचा घात करते. शिक्षकाने सहज आवाज चढविला, शेजारच्या मुलाचा धक्का लागला, कोणी नुसते रोखून पाहिले, तरी त्या मुलाच्या अंगात धोक्याची घंटा वाजते आणि विचार करण्यापूर्वीच त्याचा हात उठतो. वर्गाच्या दृष्टीने तो मारकुटा ठरतो. वस्तुतः तो अजून घरच्याच जिन्याकडे कान लावून बसलेला असतो.

पूर्वीच्या चाळीत अशा मुलाला एक आडोसा होता, तो म्हणजे गॅलरी. घरात आवाज वाढला की मूल बाहेर येई आणि चार दारे ओलांडून कोणा आजीच्या पाटावर जाऊन बसे. गॅलरीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याचा आवाज साऱ्या मजल्याला ऐकू जात असे आणि ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ म्हणून सारा मजला दारे ओढून घेत असे. तरीही उघडे दार ही मुलाच्या दृष्टीने मोठी सोय होती. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले आणि पुढल्या काळात उपनगरांतील हजारो कुटुंबे उंच इमारतींत गेली. त्यांना पक्के छप्पर आणि घरातच शौचालय मिळाले, हा लाभ निर्विवाद मोठा आहे. तथापि, तेराव्या मजल्यावरील बंद दारांच्या ओळीत ज्याने धावत जावे असे दार कोणते, हे मुलाला ठाऊक नसते.

चिवटपणाचा गौरव

उपनगरांतील मुलांवर घरातील संकटांखेरीज शहराने लादलेली संकटेही कोसळत आली आहेत. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगर वस्तीवर डोंगराची दरड कोसळून साठाहून अधिक माणसे गाडली गेली. १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात शिरणाऱ्या लोकलमध्ये स्फोट झाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि साकीनाक्याच्या वस्तीतील घरे दरडीखाली गेली. पुढल्याच वर्षी ११ जुलै रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले, त्यांत जोगेश्वरी आणि बोरिवली ही स्थानके होती. १८० हून अधिक प्रवासी प्राणास मुकले. २ जुलै २०१९ रोजी मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची भिंत झोपड्यांवर कोसळली. १८ जुलै २०२१ रोजी चेंबूर व विक्रोळी येथे पुन्हा दरडी कोसळल्या. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडा नगरात पेट्रोलपंपावर महाकाय जाहिरातफलक कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. या प्रत्येक वेळी मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली, चौकशीची घोषणा झाली आणि पंधरवड्यानंतर विषय मागे पडला. मागे राहिलेली मुले मात्र त्यानंतर शाळेत गेली. पहिल्या मोठ्या पावसात त्यांच्या मनात काय चालले असेल, हे विचारणारे माणूस शाळेत होते काय? बहुतेक ठिकाणी नव्हते.

त्याऐवजी एका गोष्टीचा मोठा गाजावाजा झाला, तो म्हणजे मुंबईच्या चिवट वृत्तीचा. २००६ च्या स्फोटांनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या धावल्या आणि त्या भरूनही गेल्या. देशोदेशींच्या पत्रकारांनी मुंबईकरांची पाठ थोपटली. परंतु त्या सकाळी डब्यात शिरलेल्या कारकुनाला किंवा कारखान्यातील कामगाराला विचारले असते, तर त्याने सांगितले असते की रजा शिल्लक नव्हती आणि खाडा झाला तर पगार कापला जातो. ज्याला घरी बसण्याची मुभाच नाही, त्याच्या कामावर जाण्याला धैर्य म्हणून गौरविणे हे गौरविणाऱ्यांच्या सोयीचे असते. शहराने चिवटपणा दाखविला की नाले रुंद करण्याचे काम पुढल्या वर्षावर ढकलता येते. मुलाने चिवटपणा दाखविला की त्याच्यासाठी काही करावयाचे राहिले आहे, असे कोणाला वाटत नाही.

सत्तर वर्षांचा पुरावा

मग काही मुले खरोखरच वर येतात, त्याचे काय? या प्रश्नाचे सर्वांत धीराने शोधलेले उत्तर प्रशांत महासागरातील हवाई बेटांपैकी काउआई या बेटावरून आले आहे. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधिकांनी तेथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांच्या चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. बेटावरील वस्ती प्रामुख्याने उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या मजुरांची होती. त्यांपैकी सुमारे २०० मुलांच्या वाट्याला दारिद्र्य, जन्माच्या वेळचे आजार, घरातील कलह, पालकांचे व्यसन वा मानसिक व्याधी यांपैकी अनेक गोष्टी एकाच वेळी आल्या होत्या. यांतील दोन तृतीयांश मुलांना पुढे अभ्यासात, वागण्यात वा मनःस्वास्थ्यात अडचणी आल्या. उरलेली ७२ मुले मात्र सक्षम, आत्मविश्वास असलेली आणि दुसऱ्याची काळजी घेणारी माणसे झाली. त्यांच्यात वेगळे काय होते? काहींचा स्वभाव मुळातच मनमिळाऊ होता, हे खरे. पण जवळपास सर्वांच्या बालपणी आईबापांखेरीज किंवा आईबापांपैकी निदान एक असे माणूस होते, की जे त्यांच्यापाशी टिकून राहिले. कोठे आजी, कोठे मावशी, कोठे थोरली बहीण, कोठे शेजारीण आणि पुष्कळ ठिकाणी शाळेतील एखादा शिक्षक.

या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे. किशोरवयात ज्यांचे पाऊल घसरले होते त्यांतील बरीच मुले तिशी-चाळिशीपर्यंत सावरली. रात्रीचे वर्ग, नवे कौशल्य, स्थिर नोकरी, समंजस जोडीदार, एखाद्या समाजाशी जडलेले नाते, अशी दुसरी संधी ज्यांना लाभली त्यांचे आयुष्य मार्गी लागले. अठराव्या वर्षी कोणाचाही अंतिम निकाल लावता येत नाही, असाच याचा अर्थ.

याच्या दुसऱ्या टोकाचा पुरावा सॅन दिएगो येथील आहे. व्हिन्सेंट फेलिटी व रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणीच्या आघातांविषयी विचारण्यात आले. मारहाण, अत्याचार, घरातील व्यसन, आईला होणारी मारझोड अशा प्रकारांची संख्या जसजशी वाढत गेली, तसतसे पुढल्या आयुष्यात नैराश्य, दारू, आत्महत्येचे प्रयत्न आणि हृदयविकारही पायरीपायरीने वाढत गेलेले दिसले. अर्थात ही पाहणी लोकसमूहाविषयी बोलते. एखाद्या मुलाच्या आघातांची बेरीज करून त्याचे भविष्य वर्तविण्यासाठी तिचा वापर करणे हा त्या मुलावर नवा अन्याय ठरेल. तसेच रुमानियात २००० साली सुरू झालेल्या अभ्यासाचे. अनाथालयांतील १३६ बालकांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकून निवडल्याप्रमाणे पालक-कुटुंबांत पाठविण्यात आली. कुटुंबात गेलेल्या मुलांची वाढ अधिक चांगली झाली, आणि जी दोन वर्षांची होण्याच्या आत गेली त्यांना सर्वाधिक लाभ झाला. भिंती, अंथरूण आणि जेवण दोन्हीकडे होते. फरक होता तो रोज तेच माणूस जवळ असण्याचा.

टाकीचे घाव

येथे एक आक्षेप साहजिकच घेतला जाईल. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आला आहे. मुलांना अगदीच फुलासारखे जपले तर ती आयुष्याला तोंड कशी देणार? या आक्षेपात तथ्य आहे. ज्या मुलाला कधी नकार ऐकावा लागला नाही, अपयश पचवावे लागले नाही, त्याला मन सावरण्याचा सराव होत नाही. पेलता येईल इतकी अडचण आणि ती पेलताना मागे उभे असलेले माणूस, यांतून मूल बळकट होते. परंतु म्हणीचा अर्थ लावताना टाकी कोणाच्या हाती आहे, हे विसरता कामा नये. ती मूर्तिकाराच्या हाती असते. कोठे घाव घालावयाचा आणि कोठे थांबावयाचे, हे त्याला कळते. उपनगरांतील डोंगरांवर दगडांच्या खाणी वर्षानुवर्षे चालल्या. तेथेही दगडावर घावच पडत होते. त्यांतून मूर्ती निघाल्या नाहीत, खडी निघाली.

महाराष्ट्राच्या इतिहासातील दोन थोर उदाहरणे या संदर्भात वारंवार दिली जातात. ती नीट वाचली पाहिजेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आई ते जेमतेम पाच वर्षांचे असताना वारली. शाळेत त्यांना वेगळे बसावे लागले, पाण्यासाठी ताटकळावे लागले. परंतु आईच्या मागे त्यांना आत्या मीराबाईंची माया मिळाली. परळच्या एका खोलीत गाढ झोपेच्या वेळी स्वतः जागून मुलाला अभ्यासाला उठविणारे वडील रामजी होते. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या या मुलाची आपण होऊन चौकशी करणारे, त्याला पुस्तके देणारे आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक होते. वर्गात वेगळे बसविल्यामुळे बाबासाहेब घडले, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मग तेच तत्त्व आजच्या गरीब मुलाला का लावावे?

दुसरे उदाहरण नारायण सुर्वे यांचे. रस्त्यावर टाकून दिलेल्या त्या तान्ह्या जिवाला गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या गिरणीकामगार दांपत्याने उचलून घेतले, आपले नाव दिले आणि शाळेत घातले. पुढे पोरवयातच त्यांना पुन्हा एकटे पडावे लागले. त्यांनी पडेल ती कामे केली, महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून राबले आणि अखेर शिक्षक झाले. १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ हा त्यांचा संग्रह आला, तेव्हा त्यामागे रस्ता जितका होता तितकीच ती पहिली उचलून घेणारी माणसे होती. दारिद्र्याने कवी घडत असते तर गिरणगावात घरोघरी कवी निपजले असते.

शाळा आणि शासन

तेव्हा प्रश्न असा उरतो की, आजच्या मुलापाशी टिकून राहणारे माणूस कोण? ज्यांना ते घरात लाभत नाही त्यांच्यासाठी पहिले ठिकाण शाळा हेच आहे. मूल दिवसाचे पाच-सहा तास, वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस तेथे असते. मारकुट्या मुलाला वर्गाबाहेर उभे करणे किंवा चारचौघांत त्याचा पाणउतारा करणे हे धोक्याची घंटा अधिकच जोराने वाजविण्यासारखे आहे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मनाई केली, ती केवळ दयाबुद्धीने केलेली नाही. अशा शिक्षेने मुलाला संयम शिकविता येत नाही, हे अनुभवसिद्ध आहे. आधी मुलाला शांत होऊ द्यावे, मग त्याच्याशी बोलावे आणि मग चुकीची भरपाई करून घ्यावी, हा क्रम शिस्तीच्या आड येत नाही. त्याचप्रमाणे जी मुलगी कधीच त्रास देत नाही, तिच्याकडेही महिन्यातून एकदा तरी मुद्दाम पाहिले पाहिजे.

मात्र सारा भार शिक्षकावर टाकून मोकळे होणे हा अप्रामाणिकपणा होईल. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, निवडणुकीची व गणतीची कामे, रोज भरावयाची माहिती आणि स्वतःचा बदलापूर वा विरारपासूनचा प्रवास, यांतून त्याच्यापाशी संयमाचा साठा किती उरणार? ज्याला स्वतःला श्वास घेण्यास फुरसत नाही तो दुसऱ्याला थोपटू शकत नाही. आईच्या बाबतीत हे जितके खरे तितकेच शिक्षकाच्या. म्हणून शाळेत या कामाचे शिक्षण घेतलेले स्वतंत्र माणूस हवे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावयाचा आहे. सूचना स्पष्ट आहे. ती कागदावर राहू नये यासाठी तिला अंदाजपत्रकात पद आणि वेतनश्रेणी मिळाली पाहिजे. वर्षाअखेरीस संपणाऱ्या करारावर समुपदेशक नेमणे म्हणजे ज्या मुलाला माणसे सोडून जातात त्याच्यापुढे सोडून जाणारे आणखी एक माणूस उभे करणे होय.

मुंबईला हे काम नवे नाही. भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र १९३७ साली याच शहरात, टाटा समाजकार्य शाळेच्या आश्रयाने निघाले. ती संस्था १९५४ पासून उपनगरातील देवनारला आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही १९९६ साली तिच्याच एका उपक्रमातून सुरू झाला आणि पुढे देशभर गेला. बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी १९७२ पासून मुंबईत फिरती पाळणाघरे चालत आली आहेत. काय करावयाचे हे या शहराला केव्हाच कळले होते. ते मूठभर संस्थांच्या आणि देणगीदारांच्या भरवशावर सोडले गेले, हे दुर्दैव. शासनाची बालसंगोपन योजना याच दृष्टीने मोलाची आहे. पालक गमावलेल्या वा पालक असमर्थ असलेल्या मुलाला संस्थेत पाठविण्याऐवजी कुटुंबातच वाढता यावे, म्हणून दरमहा अनुदान देण्याची ही योजना आहे आणि २०२३ साली ती रक्कम २,२५० रुपये करण्यात आली. रुमानियातील अभ्यास जे सांगतो तेच या योजनेचे सूत्र आहे. पण असे अनुदान महिनोन्‌महिने तुंबले तर नातवाला सांभाळणाऱ्या आजीच्या जिवाला जो घोर लागतो, तो नातवाला न बोलता कळतो. २०२० व २०२१ च्या साथीत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य शासनाने पाच लाख रुपयांची मुदतठेव ठेवली, हेही योग्यच झाले. ठेव मुदत संपल्यावर हाती येते. रात्री दचकून उठणाऱ्या मुलाला तोवर कोणीतरी हवे असते.

याच्याही आधीची एक गोष्ट आहे. जे संकट टाळता येण्याजोगे आहे त्याला तोंड देण्याचे धडे मुलांना देत बसणे शहाणपणाचे नाही. डोंगरउतारावरील वस्तीला संरक्षक भिंत बांधणे, पावसाळ्यापूर्वी धोक्याच्या घरांतील कुटुंबांना राहण्याजोगी दुसरी जागा देणे, कामावर जाणाऱ्या आईसाठी वस्तीत पाळणाघर काढणे, शाळा सुटलेल्या मुलांसाठी रात्रशाळा टिकविणे, ही कामे महापालिकेच्या निरनिराळ्या खात्यांत विखुरलेली आहेत आणि त्यांपैकी एकाही फायलीवर मानसिक आरोग्य असा शब्द आढळणार नाही. तरीही मुलांच्या मनःस्वास्थ्याचे निम्मे काम त्याच फायलींत अडकलेले आहे.

मुलाने सोसले, याचे कौतुक करण्यास खर्च येत नाही. दोन ओळींची बातमी आणि एक छायाचित्र पुरते. मुलाला सावरावयाचे तर माणसे नेमावी लागतात, त्यांना वेळेवर वेतन द्यावे लागते आणि ती वर्षानुवर्षे त्याच जागी टिकवावी लागतात. महाराष्ट्राने आजवर पहिले काम सढळ हाताने केले आहे. दुसऱ्यासाठी येत्या अंदाजपत्रकात किती रक्कम धरली जाते, ते शिक्षकांनी आणि पालकांनी बारकाईने पाहावे.